तीन वर्षांची नोंद, पंचवीस वर्षांचा गुडघा

पूर्वी लग्नकार्यात चार वयस्क मंडळी एकत्र बसली की बोलणे मुलांच्या नोकऱ्यांवर आणि महागाई भत्त्यावर येई. अलीकडे ते गुडघ्यांवर येते. कोणाचा उजवा झालेला असतो, कोणाचे दोन्ही एकदम झालेले असतात, तर कोणी भीतीपोटी अजून काठीवरच दिवस काढीत असतो. जमिनीवरच्या पंगती मोडल्या त्या केवळ नव्या रीतीमुळे नव्हेत, हे यजमानालाही मनातून ठाऊक असते. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ही एके काळी श्रीमंतांचीच मिरास होती. ती आता निवृत्त शिक्षक, कारकून, एस. टी. चे वाहक यांच्या घरापर्यंत पोहोचली आहे आणि ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. जिन्याच्या तीन पायऱ्या चढताना ज्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहत असे, तो माणूस सहा महिन्यांनी मंडईतून पिशवी घेऊन चालत येताना ज्याने पाहिला आहे, तो या शस्त्रक्रियेविरुद्ध एक अक्षरही लिहिणार नाही. मीही लिहिणार नाही. मध्यमवर्गाच्या घरात आलेल्या कोणत्याही वस्तूच्या किमतीची चर्चा होतेच, तशी या गुडघ्याच्या किमतीचीही झाली. परंतु किमतीपलीकडचा जो हिशेब आहे, त्याची चर्चा अद्याप व्हावयाची आहे.

२०१७ चा आदेश

१६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून देणारा आदेश काढला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवावयाच्या स्टेंटबाबत असाच आदेश निघाला होता. ही त्याच्या पुढची पायरी. कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा जो नेहमीचा गुडघा सरासरी १,५८,३२४ रुपयांस विकला जात होता, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये झाली. अधिक वाकतो म्हणून जो खपविला जाई, तो १,८१,७२८ वरून ५६,४९० वर आला. टायटॅनियम वा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा २,४९,२५१ रुपयांचा गुडघा ७६,६०० रुपयांत देणे भाग पडले. देशात वर्षाला एक ते दीड लाख गुडघे बदलले जातात आणि या आदेशामुळे रुग्णांचे सुमारे दीड हजार कोटी रुपये वाचतील, असे त्या वेळी सरकारने सांगितले. त्यानंतर या मर्यादेची मुदत संपत आली की ती वाढवून देण्याचा प्रघात पडला.

एखाद्या मालाची किंमत एका रात्रीत दोन-तृतीयांशाने उतरते आणि तरीही तो माल बाजारातून नाहीसा होत नाही, तेव्हा आधीची किंमत उत्पादनखर्चावर नव्हे तर ग्राहकाच्या असहायतेवर बेतलेली होती, हा निष्कर्ष अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थीही काढील. नेहमीचा गुडघा आणि अधिक वाकणारा गुडघा यांच्या सरासरी किमतींत पूर्वी २३,४०४ रुपयांचे अंतर होते. नव्या कमाल किमतींत ते १,७७० रुपयांवर आले. मांडी घालून देवपूजा करता येईल, या आशेचीच ती तेवीस हजारांची किंमत होती. कारण या दोन प्रकारच्या गुडघ्यांची जी तुलनात्मक संशोधने झाली, त्यांत रुग्णाला जाणवेल असा विशेष फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी ज्याचा गुडघा जेवढा वाकत होता, त्यावरच नंतर तो किती वाकेल हे बव्हंशी ठरते.

तेव्हा हा आदेश योग्य होता, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. रुग्णालयांनी गुडघ्यात गेलेले पैसे शस्त्रक्रियागृहाचे भाडे, खोलीचे भाडे आणि 'इतर साहित्य' या सदरांत काही अंशी वसूल करून घेतले, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ज्या बिलाच्या एकाच ओळीवर नियंत्रण असते, त्याच्या इतर ओळी वाढतात, हे अपेक्षितच होय. पण मला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते त्याच यादीतील दुसऱ्या एका नोंदीकडे. एकदा बसविलेला गुडघा निकामी झाल्यावर पुन्हा बसवावयाचा जो संच असतो, त्याची किंमत २,७६,८६९ रुपयांवरून १,१३,९५० वर आणली गेली. म्हणजे नियंत्रणानंतरही दुसऱ्या खेपेचा गुडघा पहिल्याच्या दुपटीहून महाग. सरकारी राजपत्रानेच अशा रीतीने मान्य केले की गुडघा ही कायमची खरेदी नव्हे. ज्या दिवशी तो बसवितात त्याच दिवसापासून त्याच्या झिजेचा हिशेब सुरू होतो.

गुडघा का निकामी होतो?

बोलीत आपण 'गुडघ्याची वाटी बदलली' असे म्हणतो; वास्तविक वाटी पुष्कळदा मूळचीच राहते. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक यांवरची झिजून गेलेली कूर्चा, हाडाच्या काही मिलिमीटर जाडीच्या थरासह कापून काढतात. त्या दोन टोकांवर धातूचे भाग ॲक्रिलिक सिमेंटने पक्के बसवितात आणि दोहोंमध्ये अतिशय चिवट अशा पॉलिथिलीनची चकती ठेवतात. कल्पना जुनी आहे. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक या शल्यविशारदाने १८९० साली हस्तिदंताचा बिजागरीवजा गुडघा बसवून पाहिला होता. आजच्या गुडघ्याचा पूर्वज मात्र न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल व त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली वापरात आणलेला. त्याच्या रचनेत पुढे सुधारणा झाल्या, तत्त्व तेच राहिले.

पॉलिथिलीनची चकती पाऊलागणिक अणुमात्र झिजते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण भोवतालच्या पेशी गिळतात. त्या पेशींनी चेतविलेल्या क्रियेत धातूखालचे हाडच विरघळू लागते आणि भक्कम बसलेला भाग सैल होतो. कधी सांधा अस्थिर राहतो. कधी पडझडीत कृत्रिम भागालगतचे हाड मोडते. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे जंतुसंसर्ग. तो शंभरांत एकादोघांनाच होतो. पण ज्याला होतो, त्याचा गुडघा बहुधा पुरता काढावा लागतो, प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवून कित्येक आठवडे औषधे द्यावी लागतात आणि संसर्ग हटल्याची खात्री झाल्यावर पुन्हा दुसरी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. फेरशस्त्रक्रियेत सिमेंट फोडून जुना धातू काढताना आणखी हाड जाते. ती तूट भरून काढण्यासाठी हाडाच्या पोकळीत लांब दांडे आणि धातूचे ठोकळे घालावे लागतात. दुसऱ्या गुडघ्याचे आयुष्य पहिल्याएवढे नसते आणि तिसऱ्याचे त्याहून कमी.

येथे भीती घालण्याचा हेतू नाही. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शंभरांपैकी सुमारे ब्याऐंशी संपूर्ण गुडघे पंचवीस वर्षे टिकतात. त्याच नियतकालिकातील २०१७ च्या, ब्रिटिश रुग्णांच्या एका अभ्यासात असे दिसले की सत्तरीनंतर गुडघा बदलणाऱ्यांत उर्वरित आयुष्यात फेरशस्त्रक्रियेचा संभव पाच टक्क्यांच्या आसपास असतो. मात्र पन्नाशीच्या आरंभी बदलणाऱ्या पुरुषांत तो पस्तीस टक्क्यांपर्यंत जातो. हे आकडे आपल्याकडचे डॉक्टरही रुग्णाला सांगतात. परंतु त्यांतील पंचवीस वर्षांचा आकडा आला कोठून? तो ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड या देशांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांतून आला. साताऱ्याच्या बाईंचा गुडघा किती वर्षे टिकेल, हे आपण फिनलंडच्या बाईंवरून सांगतो. ती बाई उकिडवी बसत नाही, जमिनीवर बसून भाकरी थापत नाही. तिच्या पायाला आलेला बाक आपल्याकडच्यासारखा वीस-वीस वर्षे अंगावर काढलेला नसतो.

घरचा अनुभव

हा विषय मला पुस्तकांतून कळला नाही. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षे शिक्षिका होती. २०१४ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तिचा उजवा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. चौथ्या महिन्यात ती एकटी बँकेत जाऊन आली, तेव्हा घरात पेढे वाटले होते. २०२२ च्या पावसाळ्यात गुडघ्याला सूज येऊ लागली, पाऊल टाकताना आत काही सरकल्यासारखे वाटू लागले. दुसऱ्या एका शल्यविशारदांना दाखविले. त्यांनी क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरले आणि पहिला प्रश्न विचारला : हा गुडघा कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा?

त्यांच्या प्रश्नाचा अर्थ आम्हांला नंतर कळला. धातूचे भाग पक्के असतील आणि केवळ मधली चकतीच झिजली असेल, तर ती तेवढीच बदलून भागण्याची शक्यता असते. मात्र त्या धातूत बसणारी चकती त्याच कंपनीची, त्याच नमुन्याची आणि नेमक्या मापाची लागते. ती आधी मागवून हाताशी ठेवावी लागते. गुडघ्याच्या प्रत्येक भागासोबत नाव, माप आणि क्रमांक छापलेल्या चिकटपट्ट्या येतात, त्या शस्त्रक्रियेच्या कागदांवर लावतात. आमच्याकडील मूळ कागद थोरल्या भावाच्या विमा कंपनीकडे जमा झाले होते. घरी राहिली ती झेरॉक्स. तिच्यावर त्या चिकटपट्ट्यांच्या जागी चार काळे आयत उमटले होते.

ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली होती तेथे गेलो. रुग्णालयाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण तेथील लिपिकाने जे उत्तर दिले ते नियमाला धरूनच होते. २०१४ चे कागद नष्ट केले आहेत, असे त्याने सांगितले. वर, तीन वर्षांपुढे ठेवण्याचे बंधन नाही, असेही. मला ते उद्धटपणाचे वाटले. घरी येऊन पाहिले तो, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्यात, असेच म्हटलेले आहे. विमा कंपनीला पत्रे लिहिली. त्यांना उत्तर आले नाही. शेवटी शल्यविशारदांनी क्ष-किरण चित्रावरून अंदाज बांधला, पण अंदाजावर विसंबून एकच चकती मागविण्याचा धोका त्यांनी पत्करला नाही, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. संपूर्ण फेरशस्त्रक्रियेची तयारी करावी लागली आणि तीच करावी लागली. त्या वेळी काढलेल्या धातूच्या भागांपैकी खालचा भाग हलत नव्हता, हे त्यांनी आम्हांला नंतर प्रांजळपणे सांगितले. आई आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. बँकेत मी जातो.

आमच्या कार्यालयांत सेवापुस्तके आयुष्यभर जपतात. शाळेचा जनरल रजिस्टर पन्नास वर्षांनीही जन्मतारखेच्या दाखल्यासाठी उघडला जातो. सातबाऱ्याचे जुने फेरफार तलाठी दप्तरातून निघतात. कागद जपण्याची विद्या या राज्याला येत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. माणसाच्या हाडात पंचवीस वर्षे राहावयाच्या वस्तूचाच कागद मात्र आपण तीन वर्षांत रद्दीत घालतो.

२०१७ च्या मूल्यनियंत्रण आदेशात एक चांगले कलम होते. गुडघ्याचे नाव, उत्पादक वा आयातदार, बॅच क्रमांक आणि इतर तपशील रुग्णालयाने बिलात स्वतंत्रपणे दाखवावेत, असे ते कलम सांगते. ज्या वाचकांच्या घरी त्यानंतर शस्त्रक्रिया झाली असेल त्यांनी ते बिल आजच शोधून त्याचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे. मूळ प्रत विम्याला वा कार्यालयाला द्यावी लागली तरी हरकत नाही. तथापि एका घराच्या कपाटात ठेवलेले बिल त्या घरापुरते उपयोगी. ज्या प्रश्नाचे उत्तर समाजाला हवे आहे, ते लाख कपाटांत विखुरलेल्या बिलांतून मिळत नाही.

नोंदवही काय करू शकते

स्वीडनमध्ये गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ साली सुरू झाली. लुंड येथून ती चालविली जाई. पुढे ती खुब्याच्या नोंदवहीशी जोडली गेली. कल्पना अगदी साधी होती. कोणाला, कोणत्या रुग्णालयात, कोणता गुडघा, कोणत्या कारणासाठी बसविला, हे नोंदवावे. आणि त्याच माणसाची पुढे कोठेही फेरशस्त्रक्रिया झाली की तीही त्याच्याच नावापुढे मांडावी. दहा वर्षांत कोणते नमुने टिकतात आणि कोणते नाहीत, हे त्यातून आपोआप उघड झाले. कोणावर खटला भरावा लागला नाही. शल्यविशारदांनी वाईट नमुने वापरणे सोडले आणि फेरशस्त्रक्रियांचे प्रमाण उतरत गेले. ऑस्ट्रेलियाने १९९९ साली आणि इंग्लंड-वेल्सने २००३ साली हाच मार्ग धरला. त्या ब्रिटिश नोंदवहीच्या आकड्यांतूनच 'नेक्सजेन' या प्रसिद्ध मालिकेतील नडगीच्या एका विशिष्ट भागाचा, अधिक वाकणाऱ्या गुडघ्याशी केलेला संयोग अपेक्षेहून अधिक निकामी होत असल्याचे दिसले. कंपनीने तो भाग मागे घेतला आणि २०२२ च्या डिसेंबरात तेथील औषध नियामकाने रुग्णांच्या तपासणीची सूचना काढली. एखाद्या डॉक्टरला आपल्या शंभर-दोनशे रुग्णांत असा फरक कधीच दिसला नसता.

नोंदवही नसल्यावर काय होते, याचा दाखला गुडघ्याचा नव्हे, खुब्याचा आहे. पण तो आपल्याच देशातील आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीने बनविलेला 'एएसआर' नावाचा धातूवर-धातू खुबा ऑस्ट्रेलियात तेथील नोंदवहीने दिलेल्या इशाऱ्यांनंतर २००९ साली बाजारातून काढला गेला. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभर परत मागविला गेला, त्यामागे ब्रिटिश नोंदवहीचे आकडे होते : पाच वर्षांत शंभरांपैकी बारा-तेरा खुबे बदलावे लागत होते. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसविला गेला होता. केंद्र सरकारने २०१७ साली समिती नेमली, २०१८ साली नुकसानभरपाईचे सूत्र ठरले, तीस लाखांपासून सव्वा कोटीच्या जवळपास. परंतु भरपाई द्यावयाची कोणाला? कंपनीच्या मदतकेंद्राकडे नोंद झाली होती ती एक हजार ऐंशीच्या आसपास रुग्णांची. उरलेल्या साडेतीन हजारांहून अधिक माणसांचा पत्ताच लागत नव्हता. त्यांतील पुष्कळांना आपल्या शरीरात जे आहे ते परत मागविले गेले आहे, हेही ठाऊक नसेल.

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. खुबा व गुडघ्याच्या शल्यविशारदांच्या संघटनेने स्वतःहून एक नोंदवही चालविली आहे. वैद्यकीय साधनांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्यासाठी केंद्राचा 'मटेरिओव्हिजिलन्स' कार्यक्रम २०१५ पासून आहे. परंतु पहिली ऐच्छिक आहे. ज्याचे काम चांगले तो नोंद पाठवितो, इतर पाठवीत नाहीत. आणि ज्या रुग्णाची फेरशस्त्रक्रिया दुसऱ्या गावी झाली तो पहिल्या डॉक्टरच्या हिशेबात यशस्वीच राहतो. दुसऱ्यात कोणी तक्रार केली तर ती नोंदली जाते. तक्रारींची संख्या कळाली तरी एकूण किती बसविले, हे न कळल्याने प्रमाण निघत नाही. अंश आहे, छेद नाही. गणिताच्या शिक्षकांना याहून अधिक सांगावयास नको.

स्वस्त कोणता?

केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखविले की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालू शकत नाही, कारण ग्राहक आणि विक्रेता यांच्या ज्ञानात फार मोठे अंतर असते. १९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन पुढचा मुद्दा मांडला : माल चांगला की वाईट हे ग्राहकाला ओळखता आले नाही, तर चांगला माल विकणाऱ्यालाच बाजारात राहणे कठीण होते. कृत्रिम गुडघ्याला हे दोन्ही विचार तंतोतंत लागू पडतात. वर्गात मी एक काल्पनिक उदाहरण देतो. समजा 'क' गुडघा ४४,००० रुपयांचा आहे आणि दहा वर्षांत शंभरांपैकी आठ बदलावे लागतात. 'ख' ५४,००० रुपयांचा आहे, पण बदलावे लागतात चारच. फेरशस्त्रक्रियेचा सारा खर्च चार लाख रुपये धरू आणि व्याजाचा हिशेब तूर्त बाजूस ठेवू. 'क' ची खरी किंमत ४४,००० अधिक ३२,००० म्हणजे ७६,००० रुपये. 'ख' ची ५४,००० अधिक १६,००० म्हणजे ७०,०००. दहा हजारांनी स्वस्त दिसणारा गुडघा प्रत्यक्षात सहा हजारांनी महाग पडला, आणि यात दुसऱ्यांदा भोगलेल्या वेदनेची किंमत धरलेलीच नाही. विद्यार्थी लगेच विचारतात, 'सर, आपल्याकडच्या गुडघ्यांचे हे आठ आणि चार कोठे मिळतात?' ते आपल्याकडे मिळत नाहीत.

हा हिशेब उलटाही निघू शकेल. देशात बनणारा एखादा स्वस्त गुडघा परदेशी नामांकिताच्या तोडीस तोड टिकत असेल. तसे असेल तर त्या उद्योजकाला ते सिद्ध करण्याचे साधनच आपण दिलेले नाही. परदेशी नावावर विश्वास ठेवणे ही अशा अवस्थेत शल्यविशारदाची विलायतधार्जिणी वृत्ती नसते. त्याच्यापाशी दुसरा आधारच नसतो.

आक्षेप

सक्तीच्या नोंदवहीविरुद्ध डॉक्टरमंडळींचा एक आक्षेप मला वजनदार वाटतो. आकडे जाहीर झाले की अवघड रुग्ण घेणारा कुशल शल्यविशारद वाईट दिसेल आणि सोपे निवडून घेणारा चांगला. शिक्षकांना हे पटवून द्यावे लागणार नाही. दहावीचा शंभर टक्के निकाल लागावा म्हणून कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरावयास लावणाऱ्या शाळा आपण पाहिल्या आहेत. पण त्यावर उपाय निकाल न लावणे हा नव्हे. रुग्णाचे वय, वजन, मधुमेह, पायाचा बाक यांचा विचार करूनच तुलना करण्याची पद्धत इतरत्र रुळलेली आहे. आणि आरंभी डॉक्टरांची नावे गुप्त ठेवून केवळ गुडघ्यांच्या नमुन्यांचे निकाल प्रसिद्ध केले तरी पुष्कळ साधेल. रुग्णाच्या खाजगीपणाचा आक्षेप मात्र मला फारसा कळलेला नाही. ज्या देशात सिमकार्डासाठी अंगठा घेतला जातो तेथे गुडघ्याच्या क्रमांकाचाच संकोच का व्हावा?

पैसा कोठून आणावयाचा, हा सरकारचा आवडता प्रश्न. ब्रिटिश नोंदवहीचा खर्च कित्येक वर्षे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सांध्यावरील लहानशा आकारातून भागविला गेला. आपल्याकडे सरकारने सांगितलेला लाखाचाच आकडा धरला आणि प्रत्येक गुडघ्यावर दोनशे रुपये घेतले तरी वर्षाला दोन कोटी जमतात. ५४,७२० रुपयांच्या वस्तूवर दोनशे रुपये म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

केंद्राने हे करावे हे उत्तमच; पण तोवर महाराष्ट्राने थांबण्याचे कारण नाही. रुग्णालये हा घटनेप्रमाणे राज्यसूचीतील विषय आहे. खाजगी रुग्णालयांच्या नोंदणीचा १९४९ चा शुश्रूषागृह कायदा आपल्याकडे आहे आणि त्याखालील नियम २०२१ साली सुधारून त्यांत रुग्णहक्कांची सनदही घातली गेली आहे. बसविलेल्या प्रत्येक सांध्याची आणि केलेल्या प्रत्येक फेरशस्त्रक्रियेची नोंद राज्याच्या नोंदवहीत पाठविल्याशिवाय रुग्णालयाच्या परवान्याचे नूतनीकरण होणार नाही, आणि सांध्याच्या चिकटपट्ट्या लावलेले कार्ड रुग्णाच्या हाती दिल्याशिवाय त्याला घरी सोडता येणार नाही, अशी दोन वाक्ये त्याच नियमांत घालता येतील. नोंदी जपण्याची मुदत मात्र, निदान सांधेरोपणापुरती, तीन वर्षांवरून तीस वर्षांवर न्यावी लागेल.

आईचा डावा गुडघाही आता बोलू लागला आहे. शल्यविशारदांनी तीन गुडघ्यांची नावे आणि किमती एका कागदावर लिहून दिल्या आहेत. किमती कमाल मर्यादेच्या आत आहेत. तिघांपैकी आपल्याकडच्या गुडघ्यांत कोणता अधिक टिकला, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला, तो प्रामाणिक होता आणि दीडशे रुग्णांचा होता. दिवाळीच्या आत कोणता ते कळवा, असे ते म्हणाले आहेत.